मित्राची पुढची गोष्ट निपाणीत घडू द्या

श्री. रवी जाधव यांस,



मी निपाणीतली एक निवृत्त शिक्षिका. नोकरीची सगळी वर्षं मराठी माध्यमाच्या मुलींना मराठी शिकवण्यात गेली. तुमची-माझी ओळख नाही. तरी हे पत्र उघड लिहिते आहे, कारण यातली मागणी तुमच्याकडे असली, तरी ती आमच्या भागातल्या आयांनी, मास्तरांनी आणि बाईंनीही वाचावी असं मला वाटतं.

मागणी अशी : दोन मुलींच्या पहिल्या प्रेमावर पूर्ण लांबीचा मराठी चित्रपट करा. तो आजच्या काळातला असू द्या, शाळा संपून कॉलेज सुरू होतं त्या वयाचा असू द्या, आणि तो आमच्याकडे, निपाणी-बेळगावात घडू द्या.

या विषयाला तुम्ही आधीच हात घातला आहे. विजय तेंडुलकरांच्या कथेवरचा तुमचा ‘मित्रा’ ६२व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट लघुपट ठरला आणि जुलै २०१५मध्ये ‘बायोस्कोप’मधल्या चार गोष्टींपैकी एक म्हणून चित्रपटगृहांत आला. ते दिवस आठवा. डिसेंबर २०१३च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ पुन्हा लागू केलं होतं. कायदा ज्यांना गुन्हेगार म्हणत होता, त्यांच्यातल्या एका मुलीचं मन तुम्ही तिकीट काढून आलेल्या मराठी प्रेक्षकासमोर ठेवलंत. वीणा जामकर आणि मृण्मयी देशपांडे यांनी ते काम किती जपून केलं आहे! त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आधी मानते.

पण ‘मित्रा’ १९४७ सालात घडतो, आणि कृष्णधवल आहे. देश स्वतंत्र होतो आहे आणि एका मुलीला स्वतःचं मन उमगतं आहे, ही मांडणी मोठी आहे, हे मान्य. तरीही तेवढ्या जुन्या काळातली मुलगी प्रेक्षक सुरक्षित अंतरावरून बघतो. बिचारीचा काळच तसा होता, असं म्हणतो आणि उठतो. आपल्या घरात, आतल्या खोलीत, मोबाइल उशीखाली ठेवून झोपलेली मुलगी त्याच्या डोळ्यांपुढे येत नाही.

तेंडुलकरांनी याच विषयावर ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक लिहिलं. १९८१मध्ये रोहिणी हट्टंगडींनी त्यातली सुमित्रा देव उभी केली. मराठी रंगभूमीने तोवर असं पात्र मध्यभागी आणलं नव्हतं, असं जाणकार सांगतात. नाटकात मित्रा आत्महत्या करते. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘उंबरठा’ची पटकथाही तेंडुलकरांचीच. त्यात आश्रमातल्या दोन बायकांचं नातं येतं, पण अधीक्षिकेने सोडवायचा एक प्रश्न म्हणून येतं. म्हणजे आपल्याकडे ही मुलगी पडद्यावर वा रंगमंचावर आली, तेव्हा ती मरणाकडे, आश्रमाकडे नाही तर इतिहासाकडे गेली. तिच्या पहिल्या प्रेमाला नुसतं पहिलं प्रेम म्हणून बघायला अजून कुणी थांबलेलं नाही.

पुरुषांच्या बाबतीत वाट थोडी मोकळी झाली आहे. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी २००६मध्ये आली. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. शहरातून गावी आलेला एक पुरुष आणि गावातलाच दुसरा, घरात सुतकाचे दहा दिवस, आणि त्यात उमलणारी माया. तो चित्रपट बघताना मला फार समाधान वाटलं. गावाकडचं प्रेम असं शांतपणे सांगता येतं, हे त्याने दाखवून दिलं. आता मुलींकडे वळायला हवं.

हे तुमच्याकडेच का मागते? तुमच्या कामाचा धागा मला दिसतो म्हणून. ‘नटरंग’चा गुणा आमच्या शेजारचा, कागलचा. आनंद यादवही कागलचेच. पुरुषाने नाच्याची भूमिका केली की तेच गाव त्याच्याशी कसं वागतं, हे तुम्ही पहिल्याच चित्रपटात दाखवलंत. ‘बालक-पालक’मध्ये ज्योतीताईने ‘शेण खाल्लं’ म्हणजे नेमकं काय केलं, याचा चाळीतली पोरं शोध घेतात. त्या शोधात अव्या-भाग्या होते, तशा डॉली आणि चिऊही होत्या. मुलींनाही कुतूहल असतं, हे तुम्ही गृहीतच धरलंत. त्यावर वेगळं भाषण दिलं नाहीत. माझ्या वर्गातल्या कित्येकींनी तो चित्रपट चोरून पाहिला, काहींनी आईबरोबर पाहिला, आणि नंतर शाळेत न विचारलेले प्रश्न विचारले. मला तो चित्रपट त्यासाठी प्रिय आहे. मग ‘न्यूड’ आला, ‘ताली’ आली. ज्यांच्याकडे बघायचं नाही असं ठरलेलं असतं, त्यांच्याकडे तुम्ही बघता.

आता एक निरीक्षण मांडते. पौगंडावस्थेवरचे आपले गाजलेले चित्रपट आठवा. ‘शाळा’त मुकुंदा शिरोडकरकडे बघतो. ‘फँड्री’त जब्या शालूकडे बघतो. तुमच्या ‘टाइमपास’मध्ये दगडू प्राजूकडे बघतो. हे तिन्ही चित्रपट मला आवडतात. पण तिन्हींत बघणारा मुलगा आहे आणि बघितली जाणारी मुलगी. ‘सैराट’मध्ये आर्ची स्वतः बघायला लागली आणि सगळा महाराष्ट्र दचकला. मुलगी बघते, निवडते, पुढाकार घेते, एवढ्यानेच त्या चित्रपटाचा पहिला अर्धा भाग उजळून निघाला आहे.

मुलगी मुलीकडे बघते तेव्हा आणखी एक गुंता असतो, आणि तो मी वर्षानुवर्षं बाकांसमोर उभी राहून पाहिला आहे. ती मला हवी आहे, की मला तिच्यासारखं व्हायचं आहे, हेच त्या वयात कळत नाही. तिच्यासारखी वेणी घालायची. तिने लावली तशी पिन लावायची. निबंधाच्या वह्या तपासताना मला अक्षरावरून कळायचं. जूनमध्ये ‘ळ’ साधा काढणारी मुलगी दिवाळीनंतर त्याचं शेपूट पुढच्या अक्षराखालून ओढायला लागलेली असायची, आणि ते शेपूट मी आधी दुसऱ्या एका वहीत पाहिलेलं असायचं. बहुतेकींचं ते पुढच्या वर्षी विरून जायचं. काहींचं विरायचं नाही. त्यांच्यासाठी आमच्याकडे, शिक्षकांकडे, एक वाक्यही नव्हतं.

फ्रेंच दिग्दर्शिका सेलीन सियामा हिचा ‘वॉटर लिलीज’ नावाचा चित्रपट आहे, २००७चा. पंधरा वर्षांच्या मुली आणि त्यांचं पोहण्याचं पथक. त्यातली मारी ही फ्लोरियानने टाकून दिलेल्या कचऱ्याची पिशवी घरी नेते आणि त्यातलं तिने उष्टं टाकलेलं सफरचंद खाते. ते बघून मला वह्यांमधला ‘ळ’ आठवला. प्रेमाच्या त्या वयातल्या वागण्याला लाज नसते आणि शब्दही नसतात. ज्या बाईने ते दृश्य लिहिलं, तिला ते वय आतून ठाऊक होतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की, तुमच्या पटकथेच्या टेबलाशी अशा बाया बसू द्या, ज्या सोळाव्या वर्षी या वाटेने गेल्या आहेत.

दुसरं सांगणं कॅमेऱ्याबद्दल. २०१३मध्ये कान महोत्सवात ‘ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर’ला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, दिग्दर्शकाबरोबर दोन्ही अभिनेत्रींनाही मिळालं. पुढे त्याच अभिनेत्रींनी चित्रीकरणातल्या छळाबद्दल सांगितलं आणि मूळ चित्रकथा लिहिणाऱ्या लेखिकेने त्यातल्या शय्यादृश्यांवर नाराजी नोंदवली. तुम्ही मुलींच्या अंगाकडे बघू नका, मुली ज्याकडे बघतात त्याकडे बघा. भूमिका सोळा-सतरा वर्षांच्या असल्या तरी अभिनेत्री सज्ञान घ्या. स्पर्श एवढाच पुरे की एकीने दुसरीच्या हाताला मेंदी काढावी आणि ती वाळेपर्यंत हात सोडू नये. प्रेक्षकाला सगळं कळेल.

आता निपाणी-बेळगावच का, त्याकडे येते. याच भागात मुली कशा वाढतात, हे मला नीट सांगता येतं.

आमच्याकडे दहावी म्हणजे एसएसएलसी. ती झाली की निपाणीतल्या मुलीपुढे दोन वाटा असतात. एक गावातलं पीयूसी. दुसरी, शहराच्या कडेला अर्जुननगरमधलं देवचंद कॉलेज. आम्ही निपाणीकर ते आमचंच मानतो, पण ते कागल तालुक्यात आहे, कोल्हापूर जिल्ह्यात आहे आणि शिवाजी विद्यापीठाशी जोडलेलं आहे. आता धरा, एका बाकावर दहा वर्षं बसलेल्या दोघी. एकीच्या वडिलांनी कर्नाटकातली नोकरी डोळ्यांपुढे ठेवून पीयूसी म्हटलं, दुसरीच्या मामाने कोल्हापूर-पुण्याचा विचार करून अकरावी म्हटलं. घरं एकाच गल्लीत राहिली आणि बोर्डं दोन झाली. परीक्षा वेगळ्या, सुट्ट्या वेगळ्या, मैत्रिणी नव्या. ज्या वयात मैत्रीचं दुसरं काहीतरी होत असतं, त्याच वयात त्यांना भेटण्यासाठी कारण काढावं लागतं. तुमची गोष्ट इथून सुरू होऊ शकते. कुणी खलनायक नको, कुणाला मारझोड नको, दोन प्रवेश अर्ज पुरेत.

मग बस. कर्नाटकात जून २०२३मध्ये शक्ती योजना आली. राज्याच्या हद्दीत बायका-मुलींना सरकारी बसचा प्रवास फुकट. कंडक्टर ओळखपत्र बघतो आणि शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. त्याच वर्षी मार्चमध्ये महाराष्ट्राच्या एसटीने बायकांचं तिकीट निम्मं केलं. निपाणीची मुलगी आता पैसे न मागता बेळगावला जाऊ शकते, गोकाकचा धबधबा बघून येऊ शकते. आमच्या पिढीला हे नव्हतं. मुलींच्या आयुष्यात इतका मोठा बदल घडला आणि आपल्या चित्रपटाने तो अजून टिपलेला नाही. खिडकीशी बसलेल्या दोघी, हातात शून्याची तिकिटं, हत्तरगीपर्यंत कुणी ओळखीचं चढत नाही ना याची धास्ती, आणि नंतर सुटलेलं हसू. हे १९४७मध्ये घडू शकत नव्हतं.

आणि विडी. निपाणी तंबाखूची. वखारीत काम करणाऱ्या आणि घरी विड्या वळणाऱ्या बायकांच्या मुली माझ्या वर्गात असायच्या. शाळेतून आल्यावर आईला हातभार म्हणून त्याही बसायच्या. दुपारी सोप्यात दोघी-तिघी समोरासमोर, मांडीवर सूप, भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, पत्र्याचं माप ठेवून कात्रीने कापायची, चिमूटभर जर्दा, बोटांत वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. पंचवीसचा कट्टा. मजुरी हजारावर. संध्याकाळी एकीचे हजार भरले नाहीत तर दुसरी न बोलता आपल्या सुपातल्या विड्या तिच्या सुपात सरकवते. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या वेळी मला ती नुसती चांगली मैत्री वाटली. काही वेळा ती तेवढीच असेल, काही वेळा तेवढीच नसेल.

आमच्या समाजात मुलींच्या मैत्रीला मोकळीक फार. एका पांघरुणात झोपा, गळ्यात गळे घाला, एकमेकींचे ड्रेस घाला, जत्रेत हातात हात घालून फिरा, कुणी हटकत नाही. मुलाशी दोन शब्द बोलली तर घरात गोंधळ, आणि मैत्रिणीकडे चार रात्री राहिली तर काळजी मिटली. त्यामुळे हे प्रेम वाढतं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, आणि दिसत कुणालाच नाही. खुद्द त्या मुलींनाही नाही. एखादीचं स्थळ बघायला पाहुणे येतात, पोहे होतात, आणि दुसरीला ताप येतो. तेव्हा कुठे आतून काहीतरी कळतं. नाही तर मोबाइलमधला एखादा मेसेज भावाच्या हाती लागतो. मग मोबाइल जातो, कॉलेज जातं, आणि मे महिन्यातला मुहूर्त निघतो. मुलीला कुणी मारत नाही, कुणी शिवीही देत नाही. फक्त लग्न होतं.

माझी एक विद्यार्थिनी लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी भेटली. तिची ओळख पटेल असं काही लिहीत नाही. बोलता बोलता म्हणाली, “बाई, असं असतंय म्हणून तवा कुणी सांगितलं असतं, तर मी मला येडी समजली नसती.” तिला संसार मोडायचा नव्हता, कुणावर तिचा रागही नव्हता. तिला एवढंच हवं होतं की त्या वयात, तिच्या भाषेत, तिच्यासारखी एखादी मुलगी तिने कुठेतरी पाहिलेली असावी. पुस्तकात, नाटकात, सिनेमात. ते तिला मिळालं नाही. मी तिची मराठीची बाई होते आणि माझ्या विषयात ते मुळी नव्हतंच.

तिच्यासारखीने हे प्रेम पाहायचं म्हटलं, तर दुसऱ्या भाषांकडे जावं लागतं. मल्याळममध्ये लिजी पुल्लापल्ली यांचा ‘संचारम’ २००४मध्येच झाला, केरळच्या खेड्यातल्या, एकत्र वाढलेल्या दोन मुलींचा. स्वीडनमध्ये १९९८मध्ये लुकास मूडीसन यांनी ओमोल नावाच्या एका लहान, कंटाळवाण्या गावातल्या दोन शाळकरी मुलींवर चित्रपट केला, परदेशात तो ‘शो मी लव्ह’ नावाने गेला. मला तो फार जवळचा वाटतो, कारण ते गाव निपाणीसारखं आहे. काही घडत नाही, सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि नवं जे काही असतं ते आपल्याकडे पोचेपर्यंत जुनं झालेलं असतं. शेवटी दोघी शाळेच्या स्वच्छतागृहाचं दार उघडून जमलेल्या सगळ्या मुलांसमोरून हात धरून चालत जातात. पण चित्रपट तिथेही संपत नाही. पुढच्या दृश्यात त्या घरी बसून चॉकलेटचं दूध पितात, आणि एक दुसरीला, आपण ते कसं ढवळतो, चॉकलेट जास्त झालं की दूध घालतो, मग पेल्यात जागा उरत नाही, हे लांबण लावून सांगते. बस्, एवढंच. मोठा विजय नाही, मोठा शोक नाही. दोघी जिवंत आहेत आणि दुधाबद्दल बोलत आहेत. मराठी मुलीला असा शेवट कधी मिळाला?

तुमच्या आसपासचे लोक म्हणतील, तो भाग तयार नाही. डिसेंबर १९९८मध्ये ‘फायर’ या चित्रपटावरून मुंबईत चित्रपटगृहं फोडली गेली, तिथे निपाणीचं काय घेऊन बसलात! त्यांना आमची एक गोष्ट सांगा. १९८२मध्ये ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने, दीपा धनराज आणि त्यांच्या मैत्रिणींनी, निपाणीत येऊन ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा माहितीपट केला. वखारीतला धुरळा, राबवून घेणं, संघटना कशी बांधली, हे सगळं आमच्या बायकांनी कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या मराठीत सांगितलं. अक्षरओळख नसलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. आपल्या जगण्याबद्दल उघड बोलायला या गावाच्या बायकांनी चाळीस वर्षांपूर्वी सुरुवात केली आहे. सौंदत्तीच्या यल्लम्माचा डोंगरही याच बेळगाव जिल्ह्यात. लुगडं नेसणाऱ्या जोगप्पापुढे आमच्याकडे मोठमोठे पाटील वाकतात. ‘जोगवा’ने ते जग दाखवलं. आणि बाईच्या मनातली आस मराठी कवितेत ज्यांनी सर्वांत खोलवर नेली, त्या इंदिरा संत बेळगावात राहून लिहीत होत्या. हा भाग तयार नाही, असं मला कुणी सांगू नये.

कायद्याचं म्हणाल तर ६ सप्टेंबर २०१८ला कलम ३७७मधून सज्ञान माणसांचं संमतीचं नातं बाहेर काढलं गेलं. लग्नाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ला नाकारला, ती लढाई अजून बाकी आहे. मला मात्र मद्रास उच्च न्यायालयाचं २०२१चं प्रकरण जास्त महत्त्वाचं वाटतं. मदुराईच्या दोन तरुणी घर सोडून चेन्नईला आल्या, आईवडिलांनी हरवल्याची तक्रार दिली. न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी निकाल देण्याआधी उघडपणे सांगितलं की हा विषय मला पुरेसा कळलेला नाही, आणि ते स्वतः मानसतज्ज्ञाकडे जाऊन बसले, समजून घेऊन मग त्यांनी आदेश दिला. अशा माणसांना ‘बरं’ करण्याच्या नावाखाली होणारे उपचार बंद करा, असंही त्यांनी त्यात बजावलं. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश शिकायला बसतो, तर आमच्या गल्लीतला बाप का बसणार नाही? त्याला कुणी तरी नीट, न ओरडता सांगायला हवं. ते काम चित्रपट करू शकतो. माझ्यासारखीचं व्याख्यान करू शकत नाही.

काही विनंत्या आहेत, त्या स्पष्टच लिहिते. सीमाप्रश्नाचं या मुलींवर ओझं घालू नका. १ नोव्हेंबरचा काळा दिवस, सर्वोच्च न्यायालयात २००४पासून पडून असलेला दावा, पाट्यांवरचं काळं, हे आमच्या जगण्यात आहे आणि ते मागे दिसेलच. पण दोन मुलींचं प्रेम म्हणजे दोन राज्यांचं भांडण, असं रूपक कुणी सुचवलं तर त्याला नाही म्हणा. आमच्या दुःखांची सरमिसळ केली तर दोन्ही हलकी होतील. एक मुलगी मराठी आणि एक कन्नड असली तर चालेल, घरोघरी ते आहेच. मोठ्या बहिणीला आक्का म्हणणाऱ्या, घरी मराठी, ऑफिसात कन्नड आणि मैत्रिणीच्या आईशी दखनी बोलणाऱ्या मुली इथे प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांची भाषा पुण्याच्या नटीच्या तोंडी घालून गंमत करू नका. बेळगावचं ‘काय करूलालीस’ हे हशा काढण्यासाठी वापरलं जातं, त्याचा मला मनापासून त्रास होतो. त्याच बोलीत मुली रडतात आणि त्याच बोलीत त्या एकमेकींना थांब म्हणतात.

आई-बापांना राक्षस करू नका. आमच्याकडची आई घाबरलेली असते. जगाला, दिराला, जातीच्या पंचांना, मुलीच्या धाकट्या बहिणीच्या स्थळाला. ती चुकते, पण तिचा जीव मुलीतच असतो. ‘बालक-पालक’मध्ये तुम्ही आईवडिलांना अशाच मायेने बघितलं होतं.

आणि प्रमाणपत्राची भीती बाळगू नका. २०२३च्या दुरुस्तीनंतर यूएचे सात, तेरा आणि सोळा असे वयाचे टप्पे झाले आहेत. असा चित्रपट सोळा वर्षांच्या मुलीला आईबरोबर बघता आला पाहिजे, हे मनात धरूनच तो लिहा. २०१७मध्ये ‘न्यूड’ला गोव्याच्या इफ्फीतून ऐन वेळी काढलं गेलं, ते तुम्ही सोसलं आहे. तरीही तो चित्रपट पुढे प्रदर्शित झाला आणि लोकांनी पाहिला. या वेळीही अडवणारे येतील. बघणारेही येतील.

चित्रपट झाला की त्याचा पहिला खेळ मुंबईत करू नका. बेळगावला लोकमान्य रंगमंदिरात करा. नंतर तो कारदगा, कडोली, येळ्ळूर, उचगाव इथे न्या. या गावांत दर वर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात, शेतकरी आणि शाळेची मुलं मांडी घालून दिवसभर ऐकतात. कुठलंही अनुदान नीट हाती नसताना ही गावं मराठी टिकवून आहेत. मराठीत त्यांच्या मुलींच्या मनाला जागा आहे, हे त्यांना कळायला हवं. संमेलनाच्या संयोजकांनाही मी याच पत्रातून विनवते : ‘मित्रा’ हा लघुपट पुढच्या संमेलनात दाखवा. कवी संमेलनाच्या आधी तेवढी जागा काढता येईल.

जाधवसाहेब, पटकथा वाचायला निपाणीत माणसं मिळतील. माझ्या जुन्या विद्यार्थिनी आहेत, काही विड्या वळतात, काही बँकेत आहेत, एक-दोघी शिक्षिका झाल्या आहेत. त्या बोलतील, चुका दाखवतील, आणि जे चुकीचं वाटेल ते तोंडावर सांगतील. तुम्ही या, किंवा तुमच्याकडे लिहिणारी एखादी तरुण मुलगी असेल तर तिला पाठवा. राहण्या-जेवणाची सोय आम्ही करू. एवढीच एक अट आहे : शेवटच्या दृश्यात दोघी जिवंत असाव्यात, आणि दोघींचं कॉलेज सुटलेलं नसावं.

आपली,
निपाणीतल्या मराठी शाळेची एक निवृत्त बाई